जुनी चिठ्ठी काढायची नाही

कपाट सातवं, खण तिसरा.
खिडकीबाहेर वर्क्सवर्थ, चुनखडीच्या धुळीचं गाव,
मार्च सरत आलाय तरी पायाशी हीटर.
मी कागद दोन्ही हातांनी उचलते,
झोपलेल्या आजाऱ्याखालची चादर ओढावी तसा.

कागदावर चपटं झालेलं फूल,
कधीकाळी पिवळं, आता चहाच्या डागाचं.
खाली मिस विनिफ्रेड स्पेंडलव्हचं तिरकं अक्षर:
गिरणीखालची दलदल. एप्रिल १८९४. बूट भिजले.

बूट भिजले हे शास्त्रात कुठेच बसत नाही,
पण सव्वाशे वर्षांत कुणी खोडलेलं नाही.

शेजारी पुढच्यांच्या चिठ्ठ्या.
कुणी जात बदलली, कुणी उपजात मोडीत काढली,
१९३१ साली कुणा घाईच्या माणसाचं नुसतंच प्रश्नचिन्ह.
(मराठीत यालाही जातच म्हणतात.
वहीत तो शब्द लिहिताना मी दर वेळी जरा अडते.)
इथला नियम एकच:
नवी चिकटवा.
जुनी चिठ्ठी काढायची नाही.

या गावातला माझा पहिला पाडवा.
पुस्तकात नाव होतं मार्श मॅरिगोल्ड,
मी मागचा शब्द तेवढा वाचला
आणि कालव्याकाठून टोपलीभर झेंडू घेऊन आले.
सुईत दोरा ओवला. देठ पोकळ,
सुईला धरायला आत काही नाही.
तरी ओवले. आंब्याच्या जागी लॉरेलची पानं.
दुपारपर्यंत तोरण ओल्या फडक्यासारखं लोंबलं,
रात्री बोटांना फोड आले.

फाटकाशी ऑलेरेनशॉ उभे, शेजारचे,
खाणीतून निवृत्त, टोपी कधी न काढणारे.
म्हणाले, "मॉलीब्लॉब? दारावर?
अहो, गुरंसुद्धा तोंड लावत नाहीत त्याला."

तर झेंडू नव्हेच.
कूळच वेगळं, लॅटिनात पिटुकल्या बेडकावरून नाव पडलेलं.
भाऊबंद कोण म्हणून शोधायला गेले तर
घाटातल्या कुंपणावरची मोरवेल निघाली,
लोणच्यातली कलौंजी निघाली,
आणि वैद्याच्या कपाटात कुलपाआड बसलेला बचनाग.
म्हणजे माणसं ओळखीचीच होती.
मी चौकशी भलत्या घरी करत होते.

आणखी एक. त्या पाच पिवळ्या पाकळ्या
पाकळ्या नाहीतच. निदलं ती,
कळीला पांघरूण घालायचं, मग बाजूला व्हायचं, एवढंच त्यांचं काम.
पाकळ्या आल्याच नाहीत
तेव्हा यांनीच पिवळं नेसून दारात उभं राहायचं ठरवलं.
आणि झेंडू? त्याची जिला आपण पाकळी म्हणतो
ती एकेक म्हणजे एकेक अख्खं फूल,
एका देठावर भरलेली आख्खी सभा.
एकाला पाकळीच नाही,
दुसरा एक फूलच नाही.
हे सगळं मी आईला फोनवर सांगितलं, उत्साहानं, वीस मिनिटं.
ती म्हणाली, "ते असो. देवाला चालतं का तेवढं सांग."

ऑलेरेनशॉ फेब्रुवारीत गेले.
काल त्यांची मुलगी आली, थेल्मा,
बिस्किटांचा पत्र्याचा डबा टेबलावर ठेवून म्हणाली,
"बाबांची गवतं. तुमच्याकडे ठेवता का बघा."
गवतंच होती बरीचशी. रेल्वेच्या जुन्या वेळापत्रकात दाबलेली,
निम्म्यांना बुरशी.
आणि एका पानावर ते,
देठाच्या मधोमध दोऱ्याचं भोक असलेलं,
शेजारी सुताराच्या जाड पेन्सिलीनं:
मॉलीब्लॉब. शेजारणीच्या दारावरून पडलेलं.

तारीख नाही. ती मला माहीत आहे.

पांढरा कागद घेतला. गोंद पातळ केला.
त्यांची चिठ्ठी कापली नाही, वेळापत्रकाच्या तुकड्यासकट लावली,
डर्बीची सकाळची गाडी सात बाराला सुटते आहे तशीच.
शेजारी माझी:
काल्था पालुस्ट्रिस. ठिकाण: दार, उंबऱ्यापासून साडेसहा फूट.
मग शेरा लिहायचा रकाना आला,
जो बहुतेक जण रिकामा सोडतात.
लिहिलं:
बोटांना फोड आले.